कणगीतलं पत्र

माझ्या धाकट्या जावेच्या, सगुणाच्या माहेरचं पत्र दर महिन्याला यायचं आणि त्या दिवशी माझ्या हातची भाकरी हमखास करपायची. खोटं कशाला बोलू? मी जळत होते.

छप्पन सालची गोष्ट. आमचं घर चाकणजवळ. घरात आलेलं कुठलंही पत्र मामंजींच्या नावानंच यायचं. सुनांची नावं पत्त्यावर लिहायची रीत नव्हती. मामंजींना वाचता येत नव्हतं आणि मलाही नाही, म्हणून चौथी शिकलेली सगुणाच ते ओसरीवर मोठ्यानं वाचायची. गाय व्याली, चुलतीला नातू झाला, आईनं तुझ्यासाठी कुरडया बाजूला ठेवल्यात. कुरडयांची ओळ तर ती दोनदा वाचायची. मला वाटायचं, बये, तेवढं तरी मनात वाच!

माझं माहेर तिकडं दुष्काळी माणदेशात. आई गेलेली, मागे एकटा भाऊ बन्सी, लोकांच्या शेतावर राबणारा. पाच वर्षांत त्याचं एक कार्ड नाही, की पंचमीला न्यायला येणं नाही. "ठकूला भाऊ हाय का नुस्ता नावाला?" मामंजी विचारायचे आणि मी पेटल्या चुलीत उगाच फुंकर घालत बसायचे.

त्या वर्षी नागपंचमीला पंधरा दिवस होते. सगुणा ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. टपालवाल्या अकबरभाईंनी कार्ड माझ्या हातात दिलं. "माहेरचं दिसतंय, वैनी," म्हणाले आणि सायकल वळवून गेले. कुणाच्या माहेरचं, हे मी विचारलंसुद्धा नाही. माहेरचं म्हणजे तिचंच, हे काय नव्यानं सांगायला हवं होतं? कार्ड पदराखाली घेतलं, बाजरीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि खोल पुरलं. वाट बघणं म्हणजे काय असतं, ते कळू दे म्हटलं तिलाही.

सगुणा रोज वाटेकडे बघायची. "जाऊबाई, पत्र न्हाई आलं का वो?"

"न्हाई गं बाई," मी म्हणायचे. त्या दिवसांत माझ्या भाकऱ्या कशा टम्म फुगायच्या!

पंचमीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन दारात हजर. पत्र पोचो न पोचो, तो आलाच. वाटेत पत्राचा विषय निघणार आणि माझी चोरी उघडी पडणार. सगुणा आत गाठोडं बांधत होती. मी कणगीतून कार्ड काढलं आणि तिच्यापुढं टाकलं.

"घे तुझं. म्याच लपवलं व्हतं. काय शिव्या घालायच्या त्या घाल."

तिनं ते वाचलं, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही. मग माझ्याकडे बघितलं.

"जाऊबाई, ह्ये माजं न्हाई. तुमच्या बन्सीदादाचं हाय."

दार लोटून तिनं हलक्या आवाजात वाचून दाखवलं. बन्सी पिंपरीला औषधाच्या कारखान्यात लागला होता. शेजारच्या कामगाराकडून लिहून घेतलं होतं. 'आजवर रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात यायची लाज वाटत होती. पहिल्या पगारात ठकूताईला हिरवं लुगडं घेतलं आहे. पंचमीला तिला न्यायला येऊ का, उलट टपाली कळवावं. उत्तर आलं नाही, तर आपली पाठवायची इच्छा नाही असं समजेन आणि येणार नाही.'

सगुणानं कार्ड माझ्या मुठीत दिलं. शिवी न देता गाठोडं उचललं. तिचा हा चांगुलपणासुद्धा मला त्या घडीला सोसवला नाही.

गाडी निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मामंजी ओसरीवरून बघत होते.

"भाऊ असावा तर असा," ते म्हणाले. "तुज्या बन्सीला यंदाबी बहिनीची आठवन झाली न्हाई."

कार्ड माझ्या पदराखालीच होतं.

"व्हय, मामंजी," मी म्हणाले. "न्हाई झाली."