ऑपरेशनच्या दाराबाहेर थांबलेली दुपार

मी स्ट्रेचर बोलतोय. आयुष्यभर आडव्या माणसांचं ऐकत आलो. आज घटकाभर माझं ऐका.

लोखंडी नळ्या वाकवून, जोडून मला घडवलं आणि या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तेव्हा इथे तीन सर्जन होते. एकाची बदली झाली, एक निवृत्त झाले. त्यांच्या जागा ‘लवकरच’ भरणार होत्या. त्या ‘लवकरच’ला दोन वर्षं झाली. माणसाला ऑपरेशनच्या दारापर्यंत न्यायचं हे माझं काम. हल्ली दारात थांबणं हेच काम होऊन बसलंय.

गेल्या रविवारी सकाळी दहाला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना माझ्यावर निजवलं. गुडघे पोटाशी घेतलेले, कपाळावर घाम. सोबत थोरला भाऊ. डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबून हात सोडला, तशा त्या किंचाळल्या.

“अपेंडिक्स सुजलंय. आजच काढावं लागेल.”

“मग काढा की!” भाऊ म्हणाला.

“सर्जन एकच आहेत. आत अपघाताचा पेशंट घेतलाय. दुसऱ्या हॉस्पिटलला दोनदा फोन केला, तिथेही रांग आहे. आणि रस्ता तीन तासांचा.”

सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. अकरा वाजले, बारा वाजले. दार बंदच. भावानं सिस्टरना सांगितलं, “हिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून घरात कुणी हिला गुपित सांगत नाही. आता अपेंडिक्सही राहीना!”

“दादा, हसवू नकोस रे. दुखतं.”

तिच्या मुठीत माझा कठडा होता. दर कळेला ती पकड घट्ट होई.

एकच्या सुमाराला पकड सुटली.

“दादा, थांबलं बघ! एकदम मोकळं वाटतंय.”

भावानं डोळे मिटून हात जोडले. सिस्टर मात्र हातातला ट्रे तिथेच टेकवून धावत आल्या. नाडी धरली. चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंच्या कानाशी त्या एवढंच म्हणाल्या, “फुटलं असणार.” आणि थेट आत गेल्या.

“सर, आता थांबता येणार नाही.”

“शेवटचे टाके राहिलेत. वीस मिनिटं द्या.”

त्या वीस मिनिटांत तिला हुडहुडी भरली. तिचे दात वाजत होते, तिच्याबरोबर माझ्या नळ्याही. भाऊ तिचे तळपाय चोळत राहिला.

मग दार उघडलं, तिला आत घेतलं. चारला सर्जन बाहेर आले. “वाचल्या. पण पू पोटभर पसरला होता. सकाळीच घेता आलं असतं तर परवा घरी गेल्या असत्या. आता पंधरा दिवस तरी लागतील.”

“सकाळी कुठं होतात तुम्ही?” भाऊ कडाडला.

“कालपासून आतच आहे.”

भावानं त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. बाकावरची पिशवी उचलून त्यांना बसायला जागा केली.

आता माझा रंग उडालाय, गादीचं रेक्झिन फाटलंय. परवा एक साहेब सामानाची पाहणी करायला आले. मला हलवून पाहिलं आणि लिहून घेतलं : नवीन स्ट्रेचर, चार.

सिस्टर म्हणाल्या, “साहेब, स्ट्रेचर राहू द्या. दोन सर्जन लिहा.”

“तो रकाना या कागदात नाही.”

मला खुशाल भंगारात काढा, मी रुसणार नाही. पण तेवढा एक रकाना कुणीतरी आखा हो!