सुईच्या आधी

ज्योत्स्नानं बाही दंडावर सरकवली आणि सुईकडे पाहायचं टाळून भावाकडे पाहिलं.

“पित्या, माहं रक्त अंगात गेल्यावर माह्यासारखा भांडशील तं नाही ना?”

“तुह्यावाणी? मंग रश्मी माहेरीच जाईन.”

रश्मी हसली. नवऱ्याच्या दुखण्यात ती हसणंच विसरली होती.

प्रीतम खाटेवर बसून होता, डाव्या बरगडीखाली हात ठेवून. तिथं प्लीहा फुगून पोटावर दाबत होती. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला होता, जेवणाचा डबा अर्धा परत यायचा. दोन घासांत पोट भरायचं. तेव्हा कोणाला काय कळणार? मग अमरावतीच्या या दवाखान्यात डॉक्टर भावनांनी सांगितलं : हाडातला मगज निबर होतोय. रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी तिथं टिकेनात, बाहेर रक्तात भटकताहेत.

निरोगी माणसाच्या मूळ पेशी हाडातच असतात. काही दिवस सुया द्यायच्या, त्यांना रक्तात उतरवायचं, गोळा करायचं, प्रीतमला द्यायचं. पेशी जुळणारी ती एकटी ज्योत्स्नाताई. अकोल्याची. दुसरं कोणीच नाही.

सुई भरलेली.

टोचायची बाकी.

दार उघडलं. “थांबा,” डॉक्टर भावना परिचारिकेला म्हणाल्या. मग ज्योत्स्नाकडे वळल्या. “तुमच्या सकाळच्या रक्तात मूळ पेशी दिसल्यात. बऱ्याच.”

रश्मीनं हात जोडले. “सुईच्या आधीच उतरल्या? पाहा ताई, भावासाठी तुमच्या रक्तालेच घाई!”

“मंग! मी काय अकोल्याहून उगाच आली काय?”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी प्रीतमकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

प्रीतमचा बरगडीखालचा हात हळूच सुटला.

“ताई, तुले जेवण जाते का बराबर?”

“हे काय मधातच?”

“सांग ना.”

“दोन घासांत पोट गच्च होते. वय झालं ना आता. कावून?”

तो खाटेवरून उतरला. भिंतीला धरून उभा राहिला, उशी झटकली, चादरीची सुरकुती तळहातानं सारखी केली. मग बहिणीची वर सरकवलेली बाही स्वतःच्या हातानं मनगटापर्यंत खाली ओढली.

“तू लेट इथं. मॅडम, हिचं पोट पाहा.”

“अरे येड्या, माही सुई राह्यली ना!”

रश्मीचे हात अजून जोडलेलेच होते.