बसून जायची वाट

"चालायला सांगा, जर्मनीपतूर चालंन. पर बसून न्हाई व्हायचं," साळूबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

तिचं काही खोटं नव्हतं. जतच्या माळावर मेंढरांमागं चालण्यात हयात गेलेली बाई ती. दोन तास एका जागी बसली की गुडघे धरायचे. पण तिकडं फ्रँकफर्टला लेकीचे, क्रांतीचे, दिवस भरत आले होते आणि जवळ बाईमाणूस नव्हतं. मेंढरं टाकून नवऱ्याला, गुंडाला, हलता येईना, म्हणजे साळूबाईनं एकटीनंच जायचं. ती काही केल्या तयार होईना.

शनिवारी गुंडानं मोबाईलवरचं तिकीट नीट वाचलं. मुंबईहून दुपारी एकला सुटायचं, पावणेसहाला तिकडं उतरायचं. "अगं, पावणेपाच तास. आपली एसटी साताऱ्याला जाती तेवढंच." या शोधाचा त्याला केवढा अभिमान वाटला. साळूबाई कबूल झाली आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं बसायचा सराव करायला साताऱ्याला गेली. तिथं बहिणीकडं, बनाबाईकडं, दोन दिवस राहून येणार होती. आली ती त्याच दिवशी संध्याकाळी. दोघी बहिणींचं वाजलं असणार, असं गुंडाला वाटलं. बायकांच्या भांडणात पडू नये एवढी अक्कल त्याला संसारात आली होती, म्हणून त्यानं विचारलं नाही.

बुधवारी तिकीट कागदावर काढायला तो विश्वजीतच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. विश्वजीत हसला. "तात्या, पावणेपाच न्हाई. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतंय. सव्वानऊ तास लागत्यात. साडेसहा हजार किलोमीटर हाय."

गुंडा कागद घेऊन घराकडं निघाला. सांगावं तर ही जाणार नाही आणि लेक एकटी पडणार. न सांगावं तर अर्ध्या आभाळात हिचे गुडघे धरणार. आपल्या अर्धवट शहाणपणाचा त्याला मनस्वी राग आला.

घरी साळूबाई लेकीसाठी डिंकाचे लाडू वळून डब्यात भरत होती. तो डबा बघूनच गुंडाला गलबलून आलं. इतक्या लांब धाडायचं आणि खोटं सांगून धाडायचं, हे त्याच्यानं होईना.

"साळू, माझं चुकलं. सव्वानऊ तास लागत्यात."

ती लाडू वळतच राहिली. "ठावं हाय. क्रांतीनं रविवारीच सांगितलं फोनवर."

"आन तू बोलली न्हाईस?"

"तुमास्नी कळलं असतं तर तुमीच धाडलं नसतं. रोज गुडघ्याला तेल कोन लावतंय?"

हात पुसून तिनं कमरेच्या पिशवीतून एसटीची दोन तिकिटं काढली. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही सोमवारचीच. "साताऱ्यात उतरलेच न्हाई. बनीनं खिडकीतनं भाकरी दिली, आन त्याच गाडीनं परत आले. साडेधा तास बसले."

"आन गुडघं?"

"धरलं की. पर इमानात मधी उठून हिंडू देत्यात म्हनं. हिंडाय तर मला येतंय."

गुंडानं डोळे पुसले आणि तेलाची बाटली आणली. तिच्यापुढं बसून तो गुडघा चोळू लागला.

"नातवंड पाय टाकाय लागलं की मी बी येनार," तो म्हणाला. "मला सरावाला कुठवर नेतीस?"

"साताऱ्याला," साळूबाई म्हणाली. "खिडकीची जागा तुमाला."