म्हसोबापासून चार फूट

सिंधुबाईंना अंगणाला तारेचं कुंपण हवं होतं ते चोराचिलटांच्या भीतीनं नव्हे. चोराला नेण्यासारखं त्यांच्या घरात काही नव्हतंच. कुंपण हवं होतं नवऱ्याला आत ठेवायला. हणमंतराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि अलीकडे त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली होती. आधी भाज्यांची नावं, मग नातवाचं नाव, मग आपण जेवलो की नाही ते. ड्युटी तेवढी निसटली नव्हती. बाईंची पाठ वळली की ते शर्टाची वरची गुंडी लावून, चपला पायात सरकवून निघायचे ते थेट मोठ्या रस्त्याला, जिथून लातूर-नांदेडचे ट्रक कुणाची पर्वा न करता जातात. डॉक्टर म्हणाले होते, हे आता वाढतच जाणार, फक्त जपा. जपा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं?

माणूस खोलीत कोंडायचा नाही, एवढं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. उदगीरच्या एका नात्यातल्या म्हाताऱ्याला पोरांनी तसं ठेवलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि त्या घरचं पाणीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. हणमंतरावांना अंगणातल्या शेवग्याखाली बाजेवर बसवलं की ते तासन्‌तास शांत असत. येणाऱ्याजाणाऱ्याला सुट्टे पैसे काढायला सांगत. मध्येच कधी 'सिंधे, चहा टाक' असं अगदी पूर्वीसारखं म्हणत, आणि त्या एका हाकेवर बाईंचा आठवडा निघे. अंगणाला तार आणि एक फाटक झालं की माणूस उन्हातही बसेल आणि जिवंतही राहील, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अहमदपूरच्या त्या गल्लीत तीन घरं एका ओळीत होती. पहिलं तेलाचं दुकान असलेल्या ईश्वरप्पांचं, मधलं सिंधुबाईंचं आणि तिसरं खाजामियाँचं. त्याच्या पलीकडे मोठा रस्ता. खाजामियाँचं शिलाईचं दुकान रस्त्याच्या कडेलाच होतं, आता ते त्यांचा मुलगा हमजा चालवायचा. बाईंचं अंगण आणि खाजामियाँचं अंगण यांच्यात हद्द अशी नव्हतीच. एकच दोरी दोन्ही घरांचे कपडे वाळवायची. हणमंतराव रस्त्याकडे निघाले की ते खाजामियाँच्या दारावरूनच जात, आणि तिथं खाजामियाँची बायको आबेदा तांदूळ निवडत बसलेली असे. ती आतूनच ओरडे, "वैनी, भाऊ निघाले ओ." बाई हातातलं टाकून धावत. आजवर हेच त्यांचं कुंपण होतं. पण आबेदाचे गुडघे दुखत होते, तीही सारखी दारात कशी बसणार?

बाईंनी कुंपणाचं काढलं तेव्हा खाजामियाँ म्हणाले, "वैनी, इचारायचं काय त्याच्यात? आजच लावा की. खड्डे खंदायला हमजाला धाडतो."

त्याच संध्याकाळी खांब रोवले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण बाईंनी पुण्याला मुलाला फोन केला. दयानंद कंपनीत चांगल्या जागेवर होता आणि त्याला सगळं नियमानं लागायचं. "आई, आधी सरकारी मोजणी करून घे," तो म्हणाला. "शेजाऱ्यांना नोटीस जाऊ दे, हद्दीच्या खुणा होऊ दे, मग खुणेच्या आत तार लाव. उद्या कुणी उठून भांडायला नको." पोरगा एक शब्दही चुकीचा बोलला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कुठल्याही शहाण्या माणसानं हेच सांगितलं असतं. बाईंनी अर्ज केला, आणि मोजणी येईतो हमजानं हौसेनं चार खड्डे खोदूनही ठेवले.

मोजणीवाले आले ते तिपाईवर यंत्र घेऊन. त्यांना लेआउटच्या कोपऱ्याचा दगड हवा होता. तो ईश्वरप्पांच्या बाजूला असायला हवा, असं त्यांच्या नकाशात होतं. तिथं दगड होता खरा, पण तो म्हसोबा होता. शेंदराचे थर बसून चांगला गरगरीत झालेला, पुढं नारळाच्या करवंट्या. ईश्वरप्पांनी प्लॉट घेतला तेव्हाही तो असाच लाल होता. त्यांची आई धोंडाबाई तेव्हा म्हणाली होती, देवाला भिंत भिडवायची न्हाई, चार फूट सोडून बांधा. सोडले चार फूट. कुणी देवाला जागा सोडली तर गल्लीत वाईट कशाला वाटेल? पुढं हणमंतरावांनी बांधायला काढलं तेव्हा टेप लावली ती ईश्वरप्पांच्या भिंतीला, आणि खाजामियाँनी लावली ती हणमंतरावांच्या भिंतीला. आपल्याकडे घर बांधायची रीतच ही. शेजाऱ्याच्या भिंतीवर विश्वास ठेवायचा आणि पाया खोदायचा.

मोजणीवाल्या साहेबांनी पेचकस घेतला आणि हलक्या हातानं शेंदूर खरवडला. थरावर थर निघाले. खाली छिन्नीनं कोरलेली फुली दिसली. "हा कोपऱ्याचा हद्दीचा दगड आहे," ते म्हणाले आणि यंत्राकडे वळले.

धोंडाबाईनं आधी दगडाला हात जोडले, मग साहेबांना विचारलं, "मंग आजवर आमी नवस बोललो ते कुनाला?" साहेबांनी आपलं काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत म्हातारीनं त्याला पुन्हा शेंदूर फासला होता.

चुन्याच्या खुणा पडल्या. ईश्वरप्पांचं घर चार फूट सिंधुबाईंच्या प्लॉटमध्ये होतं. सिंधुबाईंचं स्वयंपाकघर चार फूट खाजामियाँच्या. आणि खाजामियाँचं दुकान, ज्यावर त्यांचं घर चालत होतं, ते सरळ चार फूट रस्त्यात. चुना बाईंच्या चुलीच्या ओट्यावरून गेला असता, फक्त मध्ये भिंत होती म्हणून बाहेर थांबला.

इतके दिवस हे कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून सगळं नीट होतं. आता ते नकाशावर आलं. महिना उलटला नाही तोच दुकान रस्त्यातून काढा म्हणून खाजामियाँना नोटीस आली. ते वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, रस्त्याचे चार फूट गेले तर मागचे चार फूट तुमचे आहेत, ते मागून घ्या. म्हणजे स्वयंपाकघर मागून घ्या. खाजामियाँनी अर्जावर सही केली आणि त्यानंतर त्यांनी सिंधुबाईंच्या अंगणातून जाणं सोडलं. दोरीवरचे कपडे आबेदानं उचलून नेले.

बाई स्वतः त्यांच्या दारात गेल्या. "खाजाभाऊ, मला जागा नगं. तुमी म्हनाल तितं तार लावते. चार फूट आत लावते. ह्यांना फकस्त बसाया जागा ऱ्हाऊ द्या."

खाजामियाँ खाली बघत म्हणाले, "वैनी, मला काय कळत न्हाई का? पर वकील म्हन्तो, निकाल लागस्तोवर कशाला हात लावू द्यायचा न्हाई. दुकान गेलं तर हमजा काय करंल? तुमीच सांगा."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. इकडे फोनवर दयानंदही घाबरला. "आई, चार फूट आत तार लावलीस तर स्वयंपाकघर त्यांचं आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होईल." ईश्वरप्पा तर म्हणाले, माझी भिंत म्हसोबाच्या हुकमानं आहे, मी काय करू. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, आणि त्याच बरोबरपणाचा बाईंना विलक्षण राग आला. चुकलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. शेवटी कोर्टाकडून 'जैसे थे' असा हुकूम आला. निकाल लागेपर्यंत तिन्ही प्लॉटांत एक खांब नाही, एक खड्डा नाही. हमजानं खोदलेले खड्डेसुद्धा बुजवायला मनाई होती. ते तसेच तोंड वासून राहिले आणि हणमंतराव त्यांच्या कडेकडेनं फिरत राहिले.

निकाल कधी लागेल असं बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी केलेल्या वकिलाच्या कारकुनानं हणमंतरावांकडे एकदा पाहिलं आणि, "काकू, वेळ लागतो," एवढंच म्हणाला.

मग तो मंगळवार आला. बाई भाकरी थापत होत्या. पीठ हाताला, तवा तापलेला. भाकरी उलटून त्या बाहेर आल्या तर बाज रिकामी. कुणी हाक मारली नव्हती. त्या खाजामियाँच्या दारावरून धावल्या. दार उघडं होतं, आबेदा आत बसली होती आणि भिंतीकडे बघत होती.

हणमंतराव रस्त्याच्या दुभाजकावर सापडले. एका टेम्पोनं ओझरतं लोटलं होतं. गुडघे फुटले होते, ओठ फाटला होता, आणि ते ट्रकना हात दाखवून थांबवायला बघत होते. हमजानंच त्यांना पाठीवर घेऊन आणलं. बाजेवर ठेवलं, पाणी पाजलं आणि बाईंकडे न बघता निघून गेला.

संध्याकाळी आबेदा आली, मागच्या बाजूनं, पदर तोंडाशी धरून. "वैनी, मी पाह्यलं त्यांना जाताना," ती म्हणाली. "हाक तोंडात आली हुती. घरच्यांनी बोलायचं न्हाई म्हनून सांगितलंय." ती रडायला लागली. बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच त्यांच्यानं झालं नाही. "बस, च्या करते," म्हणाल्या. आबेदा बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि त्यानं मधल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. बाईंनी खोलीत बाज टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला, पंखा लावला. हणमंतरावांना हाताला धरून आत नेलं, तेव्हा ते निमूट आले. बाईंनी दार ओढून घेतलं आणि कडी लावली. कडीचा आवाज त्यांना वाटला होता त्याहून लहान होता.

मग दारावर हळूच टकटक झाली. ओरडणं नाही, आदळआपट नाही. अनोळखी घरी आलेला पाहुणा वाजवतो तशी.

"बाई," हणमंतराव आतून म्हणाले, "कुनी हाय का बाहीर? मला हितं कोंडून ठेवलंय कुनीतरी. तेवढा एक निरोप द्या. माझ्या बायकोला सांगा. सिंधु नाव हाय तिचं. तिला कळलं की ती लगेच येऊन सोडवून नेईल मला."

सिंधुबाईंचा हात कडीवर होता.

"सांगते," त्या म्हणाल्या, आणि दाराला पाठ लावून तिथंच खाली बसल्या.