दोन डोसांमधले सहा तास

थोरलीच्या डाव्या स्तनातली गाठ वाटाण्याएवढी होती आणि वेळेत सापडली. ऑपरेशन करून ती काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ होती तेवढ्याच जागी आतून किरण द्यायचे. पाच दिवस, दिवसातून दोनदा, मध्ये किमान सहा तास.

"मग ते सहा तास मी दुकानात बसेन," थोरली म्हणाली.

दुकान हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर होतं. तिने आणि धाकट्या बहिणीने एकोणीस वर्षं तिथे शाळेचे गणवेश शिवले होते. मशिनी शेजारी शेजारी, तोंडाचा पट्टा दोघींचाही चालू.

पहिल्या दिवशी, गाठीच्या जागी बसवून छातीच्या कडेने बाहेर काढलेल्या बारीक नळ्या यंत्राला जोडल्या. सगळे बाहेर गेले, जड दार लागलं. थोरली एकटीच छताकडे बघत पडून राहिली. काही दुखलं नाही. दहा मिनिटांनी तंत्रज्ञ आत आला आणि नळ्या सोडवून वर पट्टी लावू लागला.

"आता माझ्या अंगातून किरण निघत राहणार का हो?"

"छे हो, मावशी. किरण देणारा दाणा वायरीच्या टोकाला असतो. आत जातो आणि काम झालं की परत यंत्रात येतो. अंगात काही उरत नाही. खुशाल कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसा."

ती तडक दुकानात गेली. धाकटी दारातच आडवी उभी.

"ताई, आत नको येऊस. मापं द्यायला लहान पोरं येतात गं."

थोरलीने तंत्रज्ञाचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. धाकटी मान डोलावत राहिली, पण उंबऱ्यावरून हलली नाही. "असेल गं तसं. पण लोकांना कोण समजावणार?"

दुसऱ्या दिवशी थोरलीने डॉक्टरीणबाईंकडून लेखी आणलं. धाकटीने तो कागद दोन बोटांत कोपऱ्याला धरून वाचला.

"कागद धुऊन आणू का?" थोरली म्हणाली आणि उलट्या पावली परतली.

उरलेले दिवस तिने हॉस्पिटलच्या बाकावर काढले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्याबरोबर कुणी नाही?"

"बहीण आहे. कामात असते."

पाचव्या दिवशी शेवटचा डोस झाला आणि नळ्या निघाल्या. थोरली पुन्हा दुकानात गेली. तिच्या मशिनवर धाकटीची मुलगी बसली होती.

"तू आराम कर ताई. आमचं निभतंय," धाकटी दारातूनच म्हणाली.

"नळ्यासुद्धा निघाल्या गं. आता कशाला भितेस?"

धाकटीने मान खाली घातली. आईला हाच आजार झाला तेव्हाही ती अशीच खोलीच्या दारात उभी राहून "आईला काय हवंय?" विचारायची. जखम धुणं, पट्टी बदलणं सगळं थोरलीने केलं होतं. ते आठवून थोरलीचा आवाज उतरला.

"आईला झालं, मला झालं. तू एकदा तपासून घे. मी येते बरोबर."

"अभद्र बोलू नकोस!" धाकटी किंचाळली. "तुझं तुझ्यापाशी ठेव!"

आतलं मशिन थांबलं. "कसली तपासणी, आई?"

"काही नाही. तू शिव."

तेव्हा थोरलीला कळलं, की धाकटी किरणांना भ्यायलीच नव्हती; हा आजार आपल्यालाही निघेल, याची तिला भीती होती. दुसऱ्या दिवशी तिने टेम्पो बोलावला आणि आपलं मशिन घरी नेलं. अडवायला कुणी आलं नाही.

सहा महिन्यांनी तिचे रिपोर्ट चांगले आले. त्याच आठवड्यात भाची आईला न सांगता तिच्याकडे आली. थोरली तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. काही निघालं नाही. पुढे केव्हा केव्हा यायचं, ते त्यांनी लिहून दिलं.

धाकटी अजून तपासणीला गेलेली नाही. रस्त्यात ताई दिसली की ती पलीकडच्या बाजूला जाते. थोरली मग दिवसभर स्वतःवरच चिडते. जिने दाराबाहेर उभं केलं, तिच्यासाठी अजूनही आपलाच जीव खालीवर होतो.