दुसरी मैना

ऋषीनं पहिल्यांदा हात उचलला, तेव्हा त्यानं तिला माहेरच्या नावानं हाक मारली होती. "मैने!" असं ओरडला आणि पाठोपाठ उलट्या हाताची थप्पड बसली. त्याच्या अंगठीनं तिचा ओठ फाटला. कारण काय, तर ऑफिसातले चार मित्र जेवायला आलेले असताना तिच्या तोंडून "पानी देऊ का?" असं माहेरच्या मांजरी गावचं बोलणं निसटलं होतं.

धनकवडीतल्या त्या फ्लॅटमध्ये त्याआधीची दोन वर्षं तिला कुणी मैना म्हटलं नव्हतं. तिथं ती तनया होती. लग्नात ताटातल्या तांदळावर ऋषीनं अंगठीनं ते नाव रेखलं, आणि त्याची आई पद्मजाबाई, निवृत्त शिक्षिका, हसत म्हणाल्या, "पक्ष्यांची नावं पिंजऱ्यात शोभतात. घरात नको." मंडपात हशा पिकला. तीही हसली. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

ते नाव तिला कधीच आवडलं नव्हतं. शाळेत पोरं "पोपट कुठाय गं तुझा?" म्हणून मागं लागायची. पण चिडवण्याचं एवढं काही नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्या बायका तिची हनुवटी धरून टक लावून बघायच्या आणि "तीच गं बाई, तीच" म्हणून डोळ्यांना पदर लावायच्या, त्याची तिला शिसारी यायची. ते नाव तिच्या आत्याचं होतं. ही जन्मायच्या चार महिने आधी आत्या सासरी विहिरीत पडून मेली, एवढंच तिला सांगितलेलं. मेलेल्या बाईचं लुगडं अंगावर चढवून आपल्याला गावभर फिरवतात, असं तिला वाटायचं. नर्सिंग शिकून ती हडपसरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरला लागली, तेव्हा तिथं सगळे नुसतं "सिस्टर" म्हणायचे. त्याचंच तिला केवढं सुख होतं.

तांदळावर तनया लिहिलं गेलं, तेव्हा तिचे वडील नागोराव मंडपातून उठून बाहेर गेले. जेवलेही नाहीत. मुलगी सासरी चालली म्हणून आबांना वाईट वाटलं असेल, अशी तिनं समजूत करून घेतली.

थप्पड एकदा सुरू झाली, मग थांबली नाही. ऋषी दिवसभर कॉलवर मऊ आवाजात इंग्रजी बोलायचा. तिच्याशीही चांगला असला की "तनू" म्हणायचा. डोकं फिरलं की मात्र मैना. "गावठी मैना", "मांजरीची मैना". चहा करायला, पाहुण्यांना वाढायला, सोसायटीच्या हळदीकुंकवाला तनया असायची. मार मैना खायची. कुकरचं झाकण पाठीत बसलं ते मैनाच्या. बेसिनवर डोकं आपटलं ते मैनाचं. पुढं पुढं तर नुसतं ते नाव कानावर पडलं तरी तिचा हात आपोआप चेहऱ्यापुढं यायचा. पद्मजाबाई शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायच्या. एकदा तिनं विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही का?" तर म्हणाल्या, "ऐकू येतं. ऐकत नाही."

त्या रविवारी दुपारी ती ड्यूटीवरून दोन तास उशिरा आली. अपघाताची केस होती. ऋषीनं बाल्कनीच्या सरकत्या दाराशी तिला गाठलं, तिचा डावा हात चौकटीत धरला आणि दार ओढलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडल्याचा आवाज तिनं ओळखला. तो आवाज तिच्या कामातलाच होता. ती ओरडायच्या आत त्यानं दार मागं घेतलं आणि पुन्हा ओढलं.

"बोल, मैने. कुठं होतीस?"

त्यानं हात सोडला तेव्हा ती जमिनीवर होती. तो पाणी प्यायला आत गेला. ती उठली, पायात चप्पल न घालता चार जिने उतरली आणि रिक्षात बसली. आधी हॉस्पिटल गाठलं, एक्स-रे काढला, बोटांना पट्टी बांधून घेतली. मग मांजरी.

आई, कुसुम, तिला बघून भिंतीला टेकून खालीच बसली. आबा गोठ्यात होते. त्यांनी पट्टीकडे बघितलं, तिच्या गालावरच्या वळाकडे बघितलं आणि बाहेर निघून गेले. मैनाला वाटलं, आता हेही म्हणणार, आज राहा, उद्या जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिच्यासमोर येऊन बसले. छप्पन वर्षांचा, उसाच्या पाचटानं हात चिरलेला माणूस, पण जमिनीकडे बघून बोलत होता.

"तुझी आत्या बी अशीच आल्ती. पुढचा दात पडल्याला. मी चोवीस वर्षांचा हुतो. आमचं वडील न्हवतं. भावकी म्हनली, नांदती लेक घरात ठिवून घेतली तर तोंड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई. मीच तिला राजदूतवर बसवली आन् खडकवासल्याकडं तिच्या सासरी सोडून आलो. वाटंत ती एकदाच बोलली. 'दादा, जरा हळू चालीव.'"

मैनानं पट्टी बांधलेला हात मांडीवर ओढून घेतला.

"तिसऱ्या दिवशी सांगावा आला. मी विहिरीत उतरून तिला काढली. पाय घसरला म्हनाले. तिच्या दाही बोटांची नखं फुटल्याली. दगड धरधरून फुटल्याली. आन् डोक्यात मागून जखम. पडल्याला मानूस वर येत असताना त्याला कुनीतरी वरून हानलं हुतं. कोर्टात कायबी टिकलं न्हाई. ते सगळे सुटले."

"म्हणून माझं नाव मैना?"

"रोज ते नाव माझ्या तोंडानं घ्यावं लागावं, म्हनून ठिवलं. तुझी आई नको म्हनत हुती. मी ऐकलं न्हाई."

मैनाच्या हाताशी पितळेचा तांब्या होता, तो तिनं उचलून भिंतीवर मारला. पाणी आबांच्या अंगावर उडालं.

"तुमचं पाप होतं ते! तुम्ही फेडायचं होतं! ते माझ्या नावानं मला बांधलंत? तीस वर्षं मी त्या बाईचं मरण वागवतेय, आणि कुणी मला सांगितलंसुद्धा नाही!"

आबांनी तोंड पुसलं नाही. "तुला मी धाडनार न्हाई," एवढंच म्हणाले आणि उठले.

मंगळवारी अकराच्या सुमाराला ऋषी आणि पद्मजाबाई गाडी घेऊन आले. आबा मागच्या वावरात म्हशीसाठी उसाचं वाढं तोडत होते. कुसुमनं पाणी आणलं. पद्मजाबाईंनी खुर्चीवरची धूळ आधी रुमालानं झटकली, मग बसल्या.

"तनया, आवर. नाटक पुरे झालं," त्या म्हणाल्या. "दारात बोट सापडणं हा घर सोडण्याचा मुहूर्त असतो, हे आम्हाला नवीन आहे."

"मी येणार नाही," मैना म्हणाली. "एक्स-रे काढलाय. पोलिसांकडे जाणार आहे."

ऋषी हसला. मग शांतपणे उठून त्यानं आतून दाराची कडी लावली आणि एका झेपेत तिचे केस धरले. कुसुम मध्ये आली, तिला त्यानं कोपरानं उडवलं. ती शिलाई मशीनवर आदळली आणि तिच्या कपाळातून रक्त आलं. मैनाला त्यानं फरशीवरून फरफटत दारापर्यंत आणलं आणि तिची मोडकी बोटं मुठीत धरून पिळली. "गाडीत बस, मैने. गाडीत बस." तिनं त्याच्या पोटरीचा चावा घेतला. त्यानं तिच्या बरगडीत लाथ मारली. पद्मजाबाई खुर्चीवरून उठून भिंतीला चिकटल्या होत्या आणि म्हणत होत्या, "ऋषी, लोक बघतील. ऋषी, लोक."

कडी काढून त्यानं तिला अंगणात ओढलं, तेव्हा आबा गोठ्याच्या कोपऱ्यावरून धावत येत होते. हातात उसाचा कोयता होता. ते ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. त्यांनी ऋषीच्या उजव्या हातावर, ज्यानं तो तिचे केस धरून होता त्या हातावर, कोपराच्या वर घाव घातला.

केस सुटले. ऋषी आपल्या हाताकडे बघतच राहिला. मग रक्ताची चिळकांडी उडाली, ठोक्याठोक्यानं, आणि तो खाली कोसळला.

आबांनी कोयता पुन्हा उचलला. या वेळी त्यांची नजर ऋषीच्या मानेवर होती. त्यांचा चेहरा तिनं कधीच असा बघितला नव्हता. ते तिच्याकडे बघतच नव्हते, ऋषीकडेही नाही. जुनं काहीतरी त्यांना समोर दिसत होतं.

"आबा, बास!"

त्यांना ऐकू गेलं नाही. मैनानं सगळं अंग त्यांच्या हातावर टाकलं. ते तिला घेऊनच पुढं सरकले. तेव्हा तिनं त्यांचं मनगट तोंडात धरलं आणि दात रुतवले. रक्ताची चव लागली तरी सोडलं नाही. कोयता चिखलात पडला. तिनं तो पायानं म्हशीच्या गव्हाणीखाली सारला.

"हा मेला तर तुम्ही जन्मभर आत जाल," ती धापा टाकत म्हणाली. "आणि ते पण माझ्याच नावावर लागेल. मला आणखी एक मढं वागवायचं नाही."

मग ती ऋषीपाशी बसली. हात तुटला नव्हता, पण मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती. तिच्याकडे फार तर काही मिनिटं होती. ओढणीनं तिनं दंड करकचून बांधला, त्यात आईनं आतून आणलेलं लाटणं घालून पीळ दिला आणि आपल्या उजव्या हाताची बोटं त्याच्या काखेजवळ दाबून धरली. शेजारच्या टेम्पोत त्याला घातलं तेव्हाही ती बोटं तिनं काढली नाहीत. हडपसरपर्यंतच्या रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला तिची बरगडी कळा देत होती. ऋषी पांढराफटक पडला होता.

"तनू," तो पुटपुटला. "तनू, सोडू नकोस."

या माणसाला वाचवताना आपल्याला त्याची दया येत नाही, हे तिला लख्ख कळत होतं. ती आपलं काम करत होती, एवढंच.

ऋषी वाचला. हात राहिला, पण तीन बोटांत जोर आला नाही. आबा स्वतःच चौकीत जाऊन बसले होते.

पुढं दीड वर्ष कोर्टाच्या फेऱ्या झाल्या. भावकीतले लोक तिला समजवायला आले. कोयता ऋषीच्या हातात होता, झटापटीत लागला, असं सांग म्हणाले. आबांच्या वकिलाचंही तेच म्हणणं. तिनं ऐकून घेतलं. साक्षीच्या दिवशी शिपायानं पुकारा केला, "मैना नागोराव!" आणि तिचा हात चेहऱ्यापुढं गेला नाही, हे पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं.

तिनं सगळं सांगितलं. दार, बोटं, कुकरचं झाकण, बेसिन, अंगण. आबांच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे वडिलांनी तुम्हाला वाचवण्यासाठीच वार केला?"

"पहिला वार मला वाचवायला केला," ती म्हणाली. "दुसरा मारायला उचलला होता. तो मी अडवला."

वकिलानं कपाळाला हात लावला. पलीकडे आबांनी मात्र मान हलवली, बरोबर आहे, अशी.

त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. ऋषीवर वेगळी केस चालू आहे. घटस्फोट झाला. मैना हडपसरला एका खोलीत राहते, करंगळी वाकडीच जुळली आहे, पण हातमोजा चढतो.

येरवड्याला ती पहिल्यांदा भेटायला गेली ते निकालानंतर पाच महिन्यांनी. तोवर तिला जावंसं वाटलं नव्हतं. काचेपलीकडे आबा बसले, केस पूर्ण पांढरे झालेले. मनगटावर तिच्या दातांची खूण होती. दोघांनी फोन उचलले.

"नाव बदलायचं आसंल तर बदल," ते एकदम म्हणाले. "हितं एकजन सांगत हुता, कागद करून मिळतो. मला वाईट न्हाई वाटनार."

"चौकशी करून आलेय मी," मैना म्हणाली. "फॉर्म आणलाय. भरला नाही अजून." ती काचेजवळ सरकली. "आबा, ती मेली कशी ते सांगितलंत. ती होती कशी?"

एवढ्या वर्षांत आबांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"भांडकुदळ हुती," ते शेवटी म्हणाले. "लई भांडायची. एकदा मी तिची पाटी फोडली, तर तिनं मला बांधावरून ढकलला. हे बघ, हनुवटीला टाकं पडल्यात." त्यांनी मान वर करून दाखवलं. दाढीखाली एक पांढरी रेघ होती. "शिट्टी वाजवायची, दोन बोटं तोंडात घालून. आई मारायची तिला त्याच्यापायी. कैऱ्या पाडायची आन् आमच्या नावावर घालायची. मास्तर एकदा म्हनलं, पोरीनं शिकून काय करायचं, तर…"

ते बोलत राहिले. मधेच त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी बाहीनं नाक पुसलं. मैनानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मागं उभ्या असलेल्या शिपायानं पाच मिनिटं राहिल्याचं सांगितलं.

"हां, मग मास्तरला ती काय म्हणाली?" ती म्हणाली. "लवकर सांगा."