निखाऱ्यावरचा मासा

फिलिमोनीने पकडलेला सगळ्यात मोठा मासा दरवर्षी वाढत असे. मासा केव्हाच खाऊन झाला होता, काटे मांजराने पळवले होते, ते मांजरही म्हातारं होऊन मेलं. मासा मात्र वाढतच होता. पहिल्यांदा तो हातभर होता. मग शेजारच्या पोराएवढा झाला. मग होडीएवढा. आणि अलीकडे तर त्या माशाने फिलिमोनीची होडी शेपटीला अडकवून सरोवराच्या पार पलीकडे, मोझांबिकच्या काठाला नेली होती. तिथल्या शिपायाने हटकलं, तेव्हा माशाने असे काही डोळे वटारले की शिपायाने टोपी काढून मुकाट सलाम ठोकला.

म्सांगा गावातली माणसं हे ऐकताना पोट धरधरून हसत, आणि वाक्य संपलं रे संपलं की एका सुरात ओरडत, "तिली तोन्से!" म्हणजे आम्ही सगळे तुझ्याबरोबर आहोत, हाण पुढे! मलावीच्या या काठावर गोष्ट अशीच चालते. होडीला वल्हं, तशी गोष्टीला ही साद. ऐकणारे गप्प राहिले तर सांगणाऱ्याने ओळखावं की कालवण अळणी झालंय, आणि मिठाच्या मडक्यात हात घालावा.

हीच सवय फिलिमोनीला नडली.

कारण चर्चमधल्या परीक्षेत साद द्यायची नाही, असा नियम होता. बाप्तिस्मा घ्यायचा, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर खायला बसायचं, तर आधी शिकाऊंच्या वर्गात बसा, आणि शेवटी मंडळीच्या वडिलांसमोर, म्हणजे चर्चच्या पंचांसमोर, उभं राहून शास्त्रातली एक गोष्ट आपल्या तोंडाने, पण जशी लिहिली आहे तशी सांगा. वडीलमंडळी ओळीने बसायची, हात मांडीवर, ओठ मिटलेले. मध्यभागी वडील चिकोपा. हा माणूस इतका कडक की त्याच्या अंगणात कोंबड्यासुद्धा रविवारी उकरत नाहीत, असं लोक म्हणत.

पहिल्या वर्षी फिलिमोनीने योनाची गोष्ट घेतली. योना माशाच्या पोटात गेला. समोर सामसूम. फिलिमोनीला वाटलं, यांना रुचलेलं दिसत नाही. मग त्याने पोटात एक पाणघोडा घातला. तरी सामसूम. मग योनाने पाणघोड्याशी कुस्ती धरली, पाणघोडा चीत झाला, आणि माशाला अशी काही ढेकर आली की योना निनवेच्या बाजारात, थेट मिरच्यांच्या ढिगावर जाऊन पडला.

"पुढच्या वर्षी या," चिकोपा म्हणाले.

पुढच्या वर्षी उधळ्या पुत्राचा बाप मुलाकडे धावत निघाला आणि वाटेत त्याने एक बिबट्या मारला. त्याच्या पुढच्या वर्षी अशा एका माणसाची गोष्ट निघाली, जो शास्त्रात मुळी नव्हताच. जित्याची खोड! वर्गातले बाक बदलले, पाळक बदलले, वर्गात बरोबर बसलेल्यांची नातवंडं बाप्तिस्मा घेऊन गेली. फिलिमोनी तिथेच.

गावाला याचं हसू यायचं. त्यालाही यायचं. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी यायचं नाही.

त्या रविवारी आधीची उपासना संपली की ज्यांना भोजनाला बसायचा हक्क नाही ते बाहेर पडत आणि दारं लागत. आत बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधून वाट. फिलिमोनीची बायको एस्नाती पांढरा झंपर, काळा घागरा घालून बायकांच्या बाकाच्या अगदी टोकाला बसे, वाटेलगत. वाटेच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कुणाचा तरी नवरा बसे. तरुणपणी कधीतरी फिलिमोनीने तिला विचारलं होतं, तिथे वारा लागतो, आत सरकून का बसत नाहीस? ती म्हणाली होती, "इथून पलीकडचं टोक हाताच्या अंतरावर आहे." एवढंच. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

बाहेर गोरखचिंचेचं एक अवाढव्य झाड होतं. त्याच्या बुंध्याशी भोजनाबाहेरची मंडळी बसत. बिअर गाळणारी एक म्हातारी, दोनतीन नवखे, आणि सामिसोनी, ज्याला तीन बायका होत्या.

"माझं समजू शकतो," सामिसोनी दर वेळी म्हणे. "मला बाहेर ठेवायला तीन कारणं आहेत, आणि तिन्ही घरी स्वयंपाक करतात. तुला एकच कारण, आणि तेही तोंडात मावतं! चावून टाक की ती जीभ."

"चावली असती. पण मग तुझी करमणूक कोण करणार?"

मग आतलं गाणं थांबे. भाकर हातोहात फिरू लागे तेव्हा आत अशी शांतता होई की पत्र्यावरची पालसुद्धा ऐकू यावी. त्या शांततेत फिलिमोनी बोलत नसे. दाराकडे बघत बसे. पाण्यात उतरलेल्या गुराने काठाकडे बघावं तसं.

या वर्षी एस्नाती थकली होती. गुडघे धरत. चर्चची चढण चढताना ती दोनदा बसे. वर्गाचे दिवस जवळ आले तेव्हा एका संध्याकाळी जाळं विणता विणता फिलिमोनी म्हणाला, "यंदा मी जात नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्या चिकोपाचं तोंड बघितलं की माझ्या गोष्टीला पाय फुटतात."

"जाऊ नका," एस्नाती म्हणाली. "पण ऐका तर. ऐकायला काही परीक्षा लागत नाही."

ती रोज दिवा लागायच्या आधी वाचे. अंगणात, उरल्या उजेडात, अक्षराअक्षरावर बोट ठेवून, निवडायच्या डाळीतला खडा शोधावा तशी. फिलिमोनीला अक्षर दिसत नसे; तरुणपणी ओळखीचं नव्हतं, आता डोळे साथ देत नव्हते. तो मधे मधे तोंड घालायचा. त्या दिवशी येशूचे शिष्य, पेत्र आणि बाकीचे, रात्रभर सरोवरात जाळं टाकतात आणि काही मिळत नाही, इथपर्यंत ती आली.

"कुठल्या अंगाला टाकलं होतं जाळं?"

"येतंय ते पुढे. धीर धरा."

काठावर कुणीतरी उभा होता. त्याने सांगितलं, उजव्या बाजूला टाका. टाकलं. जाळं ओढवेना.

"हां!" फिलिमोनी सरसावून बसला. "किती? दहा हजार?"

"एकशे त्रेपन्न."

त्याने सुई खाली ठेवली. "परत वाच."

"एकशे त्रेपन्न मोठे मासे."

फिलिमोनीने जाळं मांडीवरून बाजूला सारलं. मग म्हणाला, "हे खरं घडलंय."

"आज कळलं?"

"अगं, मी कोळी आहे! खोटं बोलणारा कोळी त्रेपन्नावर थांबेल? सरळ हजार म्हणेल. वर कुठलाच बैल ओढू शकला नाही म्हणेल. त्यांनी बसून मोजले. इतका आनंद झालेला आणि तरी मोजले, आणि जेवढे होते तेवढेच सांगितले." त्याने मान हलवली. "पेत्राच्या जिभेवर कुणीतरी हात ठेवला होता, एस्नाती. माझ्या जिभेवर कुणी का ठेवत नाही?"

एस्नातीने पुस्तक मिटलं. उजेड संपला होता. पुढचं राहून गेलं.

दोन दिवसांनी फिलिमोनी रात्रीच्या मासेमारीला गेला. आता त्याच्याबरोबर कुणी जात नसे. तरुण पोरांना गोष्टी हव्या असायच्या, पण होडीत म्हातारा नको असायचा. कंदील लावला, जाळं सोडलं, आणि काय सांगावं, बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. वयाचा डोळा. जागा झाला तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं, होडी वाहत खडकांकडे आली होती आणि जाळं दगडात अडकून पार फाटलं होतं. एक उसिपा नाही. बोटाएवढा मासा, तोही नाही.

वल्हवत येताना त्याने मगर तयार केली. चांगली थोरली मगर. पाठीवर शेवाळ, एक डोळा आंधळा. ती जाळ्यात शिरली, तिने त्याच्याकडे एका डोळ्याने बघितलं... काठ दिसेपर्यंत मगरीला दात आले, चाल आली, आवाजही आला. म्हातारपणी झोप लागली हे सांगण्यापेक्षा मगर बरी.

काठावर धूर दिसत होता.

एस्नाती तीन दगड मांडून बसली होती. गुडघे धरणारी बाई वाळूतून तिथवर कशी आली, तीच जाणे. निखाऱ्यावर दोन चांबो मासे तडतडत होते, आणि पानाखाली मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा वाफाळत होता. फिलिमोनीने होडी ओढली. फाटलेलं जाळं तिच्यापुढे पडलं. त्याने तोंड उघडलं.

"या वेळची मगर जेवल्यावर सांगा," ती म्हणाली. "या. गार होतंय."

तो उभाच राहिला. "मासे कुठले?"

"भाचीकडून आणले. भोपळ्याचा पाला दिला तिला."

"मला काही मिळणार नाही हे तुला आधीच माहीत होतं?"

"तुम्हाला मिळेल की नाही, मला काय ठाऊक? तुम्ही उपाशी याल एवढं ठाऊक होतं."

तो बसला. खाल्लं. मगर कुठे गेली, त्याला कळलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "झोप लागली गं मला."

"हं. अजून घ्या."

थोड्या वेळाने एस्नातीने कापडात बांधून आणलेलं पुस्तक काढलं. "त्या दिवशी राहिलं होतं ते वाचते." आणि बोट ठेवून वाचू लागली. शिष्य मासे ओढत काठाला आले. आणि उतरून बघतात तो काय, तिथे निखारे पेटलेले, त्यावर मासा ठेवलेला, आणि भाकर.

"थांब," फिलिमोनी म्हणाला. "त्यांचे मासे अजून जाळ्यात आहेत ना?"

"हो."

"मग हा कुठला?"

एस्नाती नुसती निखाऱ्यांकडे बघत राहिली.

फिलिमोनी वर्गाला गेला. परीक्षेच्या दिवशी चर्चच्या मागच्या खोलीत, नवे पाळक मसेको कडेला बसले होते, वडील ओळीत, चिकोपा मध्यभागी. बाहेर घंटेऐवजी टांगलेल्या लोखंडी चाकावर ठोके पडत होते.

"यंदा कोणता प्राणी आणलात, फिलिमोनीबाबा?" चिकोपांनी विचारलं.

"मासा. एकच."

त्याने सांगायला सुरुवात केली. रात्र, रिकामं जाळं, काठावरचा माणूस. समोर सामसूम. त्याची जीभ वळवळली. होडीशेजारी एक पाणघोडा वर आला, अगदी कानांपर्यंत आला. फिलिमोनीने त्याला बघितलं आणि पुन्हा बुडू दिलं. "एकशे त्रेपन्न," तो म्हणाला, आणि त्रेपन्नावर थांबला.

"काठावर निखारे होते. त्यावर मासा होता." आणि इथे तो थांबला.

"विसरलात?" चिकोपा म्हणाले.

"नाही. मी मीठ टाकायला जागा शोधतोय." त्याने रिकामे तळवे दाखवले. "वडील, जन्मभर मी प्रत्येक गोष्टीत काहीतरी टाकलं. हिच्यात जागाच नाही. मासा आधीच भाजलेला आहे. त्यांनी आणायच्या आधीच. मी काय टाकू?"

चिकोपा पुढे झुकले.

"मग पुढे?" चिकोपांनी विचारलं, पण तो परीक्षेतला आवाज नव्हता.

"पुढे येशू म्हणाला, या, जेवा."

"येशूला पकडलं त्या रात्री पेत्र तर त्याला ओळखत नाही म्हणाला होता. एकदा नाही, तीनदा. त्याबद्दल त्याने काही विचारलं नाही?"

"विचारलं. पण जेवल्यावर."

खोलीत प्रभुभोजनाच्या रविवारसारखी शांतता झाली. फिलिमोनी या शांततेला आयुष्यभर घाबरला होता. आज तो तिच्यात हात खाली सोडून उभा राहिला. चिकोपा खिडकीकडे बघत होते. त्यांचाही बाप कोळी होता, आणि वादळात गेला होता. मग त्या कडक माणसाचे ओठ हलले. नियम त्यांचाच होता, त्यांनीच मोडला.

"तिली तोन्से," ते पुटपुटले.

बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी फिलिमोनी पुरुषांच्या बाकावर वाटेलगतच्या टोकाला बसला. तिथला जुना माणूस काही न बोलता सरकला. एस्नातीने त्याच्याकडे बघितलं नाही. नुसता हात बाकाच्या कडेवर ठेवला. दारं लागताना त्याला फटीतून गोरखचिंच दिसली, आणि बुंध्याशी एकटा सामिसोनी. आत बसूनही त्याचं काहीतरी बाहेरच राहिलं.

उपासना सुटल्यावर तो थेट झाडाखाली गेला. सामिसोनी वाटच बघत होता.

"ये, ये! सांग. केवढी होती भाकर? आता तर ती बैलगाडीएवढी असणार!"

"नखाएवढी."

सामिसोनी हसायचा थांबला. "नखाएवढी? इतकी वर्षं इथे बसून काढलीस आणि नखाएवढी? पोट तरी भरलं का?"

"नाही," फिलिमोनी म्हणाला. "आणखी भूक लागली."

सामिसोनीने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, पुढचं वाक्य येईल म्हणून. आलं नाही. मग त्याने बुंध्याशी सरकून जागा केली, आणि दोघेही, एक भोजनातला आणि एक बाहेरचा, उघड्या दाराकडे बघत बसले.

पुढे त्याचा मासा मोझांबिकहून आणखी कुठे कुठे जाऊन आला. पण कुणी भाकरीचं विचारलं की फिलिमोनी करंगळीचं नख दाखवी. दरवर्षी तेवढंच.